पाठमोरी

चित्रात बाईचा चेहरा दिसत नाही. तिची पाठ दिसते, कमरेशी घट्ट बसलेला गडद रंगाचा पोशाख दिसतो, डोक्यावरची टोपी दिसते आणि हात लांब करून, अंगापासून दूर टेकवलेली एक मिटलेली छत्री दिसते. शरीराचा निम्मा भार त्या छत्रीवर टाकून, किंचित कलून, ती समोरचे काहीतरी पाहत उभी आहे. चित्र म्हणावे तर ते एवढेच. चार-दोन रेषा ओढून कुणीतरी घाईघाईने टिपून घेतल्यासारखे.

टिपणारा एदगार देगा, नर्तकींच्या चित्रांसाठी जगभर ओळखला जाणारा फ्रेंच चित्रकार. काळ १८७९-८० चा, स्थळ पॅरिसमधले लूव्र संग्रहालय. पाठमोरी बाई म्हणजे मेरी कॅसॅट ही अमेरिकन चित्रकर्ती, तेव्हा वय वर्षे पस्तीस. देगाला ही आकृती इतकी आवडली, की त्याने ती कोळशाने काढली, पेस्टलने काढली आणि मग धातूच्या पत्र्यावर कोरून तिचे छापही काढले. एका छापात ती चित्रांच्या दालनात उभी आहे. दुसऱ्यात तीच पाठ, तीच छत्री, पण समोर काचेच्या पेटीत प्राचीन इट्रस्कन लोकांनी घडवलेले, भाजलेल्या मातीचे एक हसरे जोडपे पहुडले आहे. या दुसऱ्या छापात जवळच एक बाई पुस्तक उघडून बसली आहे आणि पुस्तकावरून हळूच वर बघते आहे. ती बहुधा मेरीची थोरली बहीण लिडिया.

मी हे चित्र प्रथम पाहिले ते एका ग्रंथालयातल्या जाडजूड पुस्तकात, तळहाताएवढे. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. चित्र पाहणाऱ्या बाईचे हे चित्र काढताना देगाच्या मनात काय होते? कौतुक की चेष्टा?

प्रश्न उगाच पडलेला नाही. वॉल्टर सिकर्ट हा इंग्लिश चित्रकार देगाचा तरुण मित्र. देगाच्या मृत्यूनंतर १९१७ साली त्याने आपल्या आठवणी लिहिल्या. संग्रहालयात हिंडणाऱ्या बाईच्या अशाच एका चित्राबद्दल देगा त्याला काय म्हणाला होता, ते त्यात आले आहे. त्याचा मथितार्थ असा, की चित्रांसमोर उभ्या राहिलेल्या बायकांना जो कंटाळा येतो, ज्या आदराच्या ओझ्याखाली त्या दबून जातात आणि ज्यामुळे त्यांना काहीच जाणवेनासे होते, ते आपल्याला दाखवायचे होते. देगाची जीभ तिखट होती हे पॅरिसला ठाऊक होते. बायकांबद्दल बोलताना ती अधिकच तिखट होई.

म्हणजे ही पाठ कंटाळलेल्या बाईची? माझे मन हे घ्यायला तयार होत नाही. ते का, हे सांगायचे तर ही बाई त्या दालनापर्यंत कशी पोचली ते आधी सांगायला हवे.

मेरीचा जन्म २२ मे १८४४ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला, आज पिट्सबर्ग शहरात सामावून गेलेल्या ॲलेघनी गावातला. वडील रॉबर्ट शेअर्सच्या आणि जमिनींच्या व्यवहारातले, बऱ्यापैकी पैसेवाले. आई कॅथरीन वाचणारी, फ्रेंच जाणणारी. मुले लहान असतानाच, १८५१ मध्ये, सगळे कुटुंब युरोपात गेले आणि चार वर्षे पॅरिस आणि जर्मनीत राहिले. त्या मुक्कामात मेरीचा एक भाऊ दगावला आणि कुटुंब परतले. मुलगी मात्र तिथून काहीतरी घेऊन आली होती. पंधरा-सोळाव्या वर्षी तिने फिलाडेल्फियाच्या कला अकादमीत नाव घातले.

फिलाडेल्फिया म्हटले की मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवतात. आनंदीबाई तिथे शिकायला गेल्या १८८३ मध्ये, डॉक्टर झाल्या १८८६ मध्ये. मेरीचे अकादमीतले शिक्षण त्याच्या वीस वर्षे आधीचे. दोघींची गाठ कधी पडली नाही, पडण्याचे कारणही नव्हते. पण ज्या शहराने मुलींसाठी वैद्यकाचे महाविद्यालय उघडले होते, त्याच शहराच्या कला अकादमीत मुलींनी जिवंत माणूस समोर बसवून शरीररचना शिकणे मेरीच्या काळात मान्य नव्हते. मुलींनी प्लॅस्टरचे पुतळे पाहून रेखाटने करायची. मुलींसाठी मॉडेलचा वर्ग निघाला तो १८६८ मध्ये, तेव्हा मेरी तिथून बाहेर पडली होती.

तिने चित्रकार व्हायचे ठरवले याला वडिलांचा विरोध होता. सुखवस्तू घरातल्या मुलीने थोडे चित्र काढावे, थोडा पियानो वाजवावा, यात कुणाला वावगे वाटत नसे. आपल्याकडे मुलीला पेटी शिकवत आणि लग्न ठरले की पेटी बंद होई, त्यातलाच प्रकार. मेरीला ते नको होते. तिला धंदा म्हणून चित्रे काढायची होती, आणि वडिलांच्या पोटात गोळा आला तो त्या धंदा शब्दाने.

१८६६ मध्ये ती पॅरिसला गेली. तिथली मोठी सरकारी कलाशाळा मुलींना घेत नव्हती. तिचे दरवाजे मुलींसाठी उघडले ते १८९७ साली. मग मेरीने जेरोम या नामांकित चित्रकाराकडे खासगी शिकवणी धरली. खरी शाळा मात्र तिला मिळाली ती लूव्रमध्ये. तिथे परवाना काढला की कुणालाही जुन्या उस्तादांच्या चित्रांसमोर घोडी मांडून नक्कल करता येत असे. पुरुषाला आणि बाईलाही. त्यामुळे त्या काळी लूव्रच्या दालनांत नकला करणाऱ्या बायकांची गर्दी असे. काहीजणी त्या विकून पोट भरत, काहीजणी त्यातून शिकत. दिवसचे दिवस एकाच चित्रासमोर उभे राहायचे. रंग कसा चढवला आहे, सावली कुठे संपवली आहे, हाताचे बोट कुठल्या एका फटकाऱ्यात वळवले आहे, हे डोळ्यांनी उलगडत बसायचे. देगाही आपल्या तरुणपणी याच दालनांत असाच शिकला होता.

देगाच्या चित्रातली बाई लूव्रमध्ये पाहुणी म्हणून आलेली नाही, हे यावरून ध्यानात यावे. ती आपल्या वर्गात उभी आहे.

१८६८ मध्ये तिचे एक चित्र पॅरिसच्या वार्षिक सरकारी प्रदर्शनात, म्हणजे सालोंमध्ये, स्वीकारले गेले. मेंडोलिन घेतलेल्या मुलीचे. ते तिने मेरी स्टीव्हनसन या नावाने पाठवले होते, आडनाव गाळून. पुढे १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले आणि तिला मायदेशी परतावे लागले. ती दीड-एक वर्षे वाईट गेली. वडील जेवूखाऊ घालायला तयार होते, रंगांचे पैसे द्यायला तयार नव्हते. विकायला म्हणून शिकागोला नेलेली काही चित्रे १८७१ च्या तिथल्या प्रसिद्ध आगीत जळाली. अखेर पिट्सबर्गच्या बिशपने इटलीतल्या पार्मा शहरी जाऊन कोरेज्जोच्या चित्रांच्या नकला करून आणायचे काम तिला दिले आणि त्या कामाच्या पैशांवर ती पुन्हा युरोपला निघाली. नक्कल करण्याची विद्या तिला अशी कामी आली. पार्मा, माद्रिद, सेव्हिल करत १८७४ मध्ये तिने पॅरिसला बिऱ्हाड थाटले ते कायमचे.

पुढच्याच वर्षीची गोष्ट. बुलव्हार ओस्मान या रस्त्यावरच्या एका चित्रविक्रेत्याच्या खिडकीत तिला देगाची पेस्टल चित्रे दिसली. त्यानंतर ती त्या खिडकीशी जायची आणि काचेला नाक चिकटवून उभी राहायची. हे तिने स्वतःच म्हातारपणी मैत्रिणीला सांगितले आहे. त्या खिडकीने आपले आयुष्य बदलले असे ती मानत असे. आता गंमत पाहा. त्या वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी तिच्याकडे पाहिले असते, तर त्यालाही दिसली असती ती हीच, चित्र पाहत उभी असलेली एक पाठमोरी बाई. देगाने ती पाठ कागदावर आणण्याच्या चार वर्षे आधी.

पॅरिसमध्ये तिला लुईझिन एल्डर नावाची एक अमेरिकन मुलगी भेटली होती, मेरीपेक्षा अकरा वर्षांनी लहान. मेरीने तिला देगाचे एक पेस्टल विकत घ्यायला लावले. किंमत पाचशे फ्रँक. मुलीकडे तेवढे पैसे नव्हते. तिने बहिणींच्या हातखर्चातून उसने घेतले. या खरेदीचे पुढे काय झाले ते ओघात येईलच.

१८७७ मध्ये सालोंने मेरीची चित्रे नाकारली. त्याच सुमारास एक दिवस देगा तिच्या स्टुडिओत आला आणि त्याने तिला इम्प्रेशनिस्ट मंडळींबरोबर प्रदर्शनात भाग घेण्याचे आमंत्रण दिले. तिने ते तत्काळ स्वीकारले. परीक्षक नाहीत, पदके नाहीत, कुणाची मर्जी राखायची नाही. १८७९ च्या त्यांच्या चौथ्या प्रदर्शनात तिची अकरा चित्रे लागली.

त्याच १८७७ मध्ये आई, वडील आणि लिडिया पॅरिसला तिच्याकडे राहायला आले. वडिलांनी एक अट घातली: स्टुडिओचा खर्च चित्रांच्या विक्रीतूनच निघाला पाहिजे. तेहतीस वर्षांच्या मुलीला घातलेली ही अट वाचून मला आधी राग आला होता. पण त्या अटीने वडिलांनी नकळत तिचा धंदा मान्यही करून टाकला, असे आता वाटते.

आणि घर आले म्हणजे घराच्या रीतीही आल्या. मोने, रन्वार, देगा हे कॅफेत बसत, रात्री उशिरापर्यंत वाद घालत, नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला जात. मेरीला यातले काही शक्य नव्हते. तिने चित्रे काढली ती दिवाणखान्यातल्या चहाची, पेपर वाचणाऱ्या आईची, विणकाम करणाऱ्या लिडियाची, बागेची आणि ऑपेराच्या सज्जाची. तिच्या थोरवीत यामुळे काही उणे आले असे मी मानत नाही, पण तिचे विषय तिने मोकळेपणी निवडलेले होते असेही कुणी समजू नये. घरंदाज बाईने पुरुष सहकाऱ्याबरोबर तासभर हिंडावे, बोलावे आणि कुणी भुवया उंचावू नयेत, अशा ज्या मोजक्या जागा होत्या त्यांतली एक लूव्र. तेही सोबतीला बहीण हवी. पुस्तक उघडून बसलेली लिडिया तिथे का आहे, याचे एक उत्तर असे साधे असावे.

ऑपेराच्या सज्जाचे तिचे १८७८ चे एक चित्र आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे. काळ्या पोशाखातली एक बाई कठड्यावर कोपर टेकून, दुर्बीण डोळ्यांना लावून, एकाग्रपणे पाहते आहे. मागे दूरच्या सज्जात एक पुरुष पुढे वाकून दुर्बिणीतून हिच्याकडे पाहतो आहे. तिला त्याची दखलही नाही. ऑपेराला बायका सजून जात त्या दिसण्यासाठी. ही पाहायला आली आहे. देगाने मेरीची पाठ रेखाटली तेव्हा त्याला हे चित्र नक्की माहीत होते काय, ते सांगता येणार नाही. त्या पाठीचा आणि या दुर्बिणीचा संबंध मी माझ्यापुरता लावतो.

आता त्या छत्रीकडे वळू.

१८७९ मध्ये देगा, पिसारो आणि मेरी यांनी मिळून छापचित्रांचे एक नियतकालिक काढायचे ठरवले. नावही ठरले, दिवस आणि रात्र अशा अर्थाचे. काळ्यापांढऱ्या चित्रांना शोभेसे. ज्यांना एचिंगची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने तो थर खरवडत चित्र काढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. जिथे खरवडले तिथे आम्ल धातू खाते, खाच पडते. खाचेत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचे. पत्र्यावर पुन्हा काम करून पुन्हा छाप काढता येतो. देगाला या पुन्हा-पुन्हाचे वेड लागले. लूव्रच्या चित्रदालनातल्या मेरीचा तो पत्रा, फूटभर उंच आणि जेमतेम पाच इंच रुंद, जपानी घरांत खांबावर लावायच्या उभ्या चित्रांसारखा. त्याच्यावर तो वीसहून अधिक वेळा काम करत गेला आणि दर टप्प्याला छाप काढत गेला. नियतकालिक काही निघाले नाही. देगाचे काम वेळेवर तयार होत नसे, आणि त्यापायी लेकीचे कष्ट वाया गेले म्हणून मेरीच्या आईने पत्रात चिडून लिहिलेले आहे.

तर घाईघाईने टिपल्यासारखी दिसणारी ही आकृती घाईची मुळीच नाही. देगा रस्त्यात वही उघडून चित्र काढणाऱ्यांतला नव्हता. तो पाहून यायचा आणि स्टुडिओत आठवणीने, मॉडेल उभे करून, एकच हालचाल पुन्हा पुन्हा काढायचा. मेरीही त्याच्यासाठी उभी राहत असे. टोप्यांच्या दुकानातल्या बायकांची त्याची चित्रे आहेत, त्यांतल्या काहींसाठी तिनेच देहाची ठेवण दिली, कारण भाड्याच्या मॉडेलला ती लकब साधत नसे. तेव्हा सिकर्टचे खरे मानले, तर असेही घडले असेल, की देगाने कंटाळलेल्या बाईचे सोंग मागितले आणि मेरीने ते हसत आणून दिले. ही शक्यता मी नाकारत नाही.

पण सोंग आणणाऱ्याचे अंग त्याचे स्वतःचेच असते. मुंबईत जहांगीर कलादालनात शनिवारी संध्याकाळी गेलो, की चित्रांइतकेच चित्रे पाहणाऱ्यांकडे पाहण्याची मला खोड आहे. ज्यांना कंटाळा आलेला असतो त्यांचे गुडघे सैल पडतात, मान दाराकडे वळते, बायका पर्स पोटाशी धरतात, पुरुष हात मागे बांधतात. जे दडपून गेलेले असतात ते चित्रापासून चार हात लांब राहतात आणि आधी चिठ्ठीवरचे नाव वाचतात. आणि कधीतरी एखादा माणूस असा दिसतो, की तो उभा कसा आहे याचे भान त्याला उरलेले नसते. हात भिंतीला टेकलेला, एक खांदा वर, एक खाली. अंग कुठेतरी टेकवून देऊन तो सगळा डोळ्यांत गेलेला असतो. अशी माणसे बहुतेक वेळा स्वतः चित्रे काढणारी निघतात. तासन् तास उभे राहायची सवय असलेल्याला आधार शोधावाच लागतो.

मेरीचा लांब केलेला हात तसा आहे. छत्री तिने शोभेसाठी धरलेली नाही, तिच्यावर ती रेलली आहे, आणि तरी पाठीचा कणा ताठ आहे. डोके एका बाजूला कलले आहे, चित्राचा तोल अजमावताना आपण कलवतो तसे. दबून गेलेली बाई अशी ऐसपैस जागा व्यापत नाही. देगाने तोंडाने काहीही सांगितले असो, त्याच्या हाताने पाहिले ते हे. देगाच्या जिभेपेक्षा त्याचा हात नेहमीच प्रामाणिक होता.

लिडियाबद्दल दोन शब्द. ती बसली आहे, याचे दुसरेही एक कारण असू शकेल. त्या काळात तिला मूत्रपिंडाचा असाध्य विकार जडला होता. १८८२ च्या नोव्हेंबरात ती गेली. मेरीने तिला चहा पिताना, विणताना, गाडीचा लगाम धरलेली अशी कितीदा तरी रंगवली होती. बहीण गेल्यावर काही महिने तिच्या हातून काम झाले नाही.

मेरी आणि देगा यांचे काय नाते होते, हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेलच. दोघेही अविवाहित, दोघेही फटकळ, भेटी जवळजवळ रोजच्या, आणि भांडण झाले की महिनोन् महिने अबोला. त्याची पत्रे तिने जाळून टाकली असे चरित्रकार सांगतात. त्यामुळे तर्क करणाऱ्यांचे फावले आहे. मला त्या तर्कांत रस नाही. माझे लक्ष वेधते ती दोन चित्रे.

पहिले, देगाने १८८० नंतरच्या काही वर्षांत केलेले मेरीचे समोरून काढलेले व्यक्तिचित्र. खुर्चीत पुढे झुकलेली, हातात पत्त्यांसारखे काहीतरी धरलेली. ते तिच्याकडे बरीच वर्षे होते. १९१२-१३ च्या सुमारास तिने आपल्या चित्रविक्रेत्याला ते विकून टाकायला सांगितले आणि वर बजावले, की ते अमेरिकेत विकू नये आणि चित्रातली बाई कोण हे कुणाला कळू देऊ नये. कला म्हणून त्यात गुण आहेत हे तिला मान्य होते. पण चित्रातली बाई इतकी किळसवाणी वाटते, की आपण यासाठी बसलो होतो हे घरच्यांना कळायला नको, असे तिचे म्हणणे होते. पाठ काढली तेव्हा तिची तक्रार नव्हती, चेहरा काढला तेव्हा झाली. पाठीच्या चित्रात देगा ती काय पाहते हे पाहत होता. व्यक्तिचित्रात तो फक्त तिला पाहत होता, आणि तशी पाहून घेण्याची तिला सवय नव्हती.

दुसरे चित्र मेरीचे. केस सावरणारी एक साधी, फारशी देखणी नसलेली मुलगी, १८८६ चे. देगाने ते आपल्याकडे घेतले आणि मरेपर्यंत जपले. तो गेल्यावर त्याच्या स्टुडिओत ते सापडले तेव्हा लोक त्याला देगाचेच चित्र समजले.

१८९० च्या वसंतात पॅरिसच्या त्याच कलाशाळेत, जिने मेरीला विद्यार्थिनी म्हणून घेतले नसते, जपानी छापचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. मेरी ते पाहून वेडी झाली आणि मैत्रीण बेर्त मोरिझोला तिने आवर्जून बोलावून घेतले. त्या पाहण्यातून वर्षभरात दहा रंगीत छापचित्रांचा संच निघाला. पाकीट चिकटवणारी बाई, कपडे बेतणारी बाई, टबात मुलाला न्हाऊ घालणारी आई. प्रत्येक चित्राच्या पंचवीस प्रती, दर प्रतीला पत्र्यांवर हाताने रंग भरलेला. माझ्या मते तिच्या साऱ्या कामात हे सर्वांत वरचे. जगाला मात्र ती माहीत आहे ती तिच्या मायलेकरांच्या चित्रांमुळे. शिकागोच्या संग्रहालयातले मुलीचे पाय धुणाऱ्या आईचे १८९३ चे चित्र तर कॅलेंडरांपासून शुभेच्छापत्रांपर्यंत सगळीकडे पोचले.

त्याच १८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. त्याच्याच निमित्ताने झालेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, म्हणून आपल्याला ते साल पाठ आहे. तिथल्या महिला भवनासाठी मेरीने पन्नास फुटांहून लांब भित्तिचित्र केले. शिडीवर चढायला नको म्हणून तिने जमिनीत खंदक खणवला आणि चित्रच खाली-वर करण्याची सोय केली. चित्राच्या मध्यभागी बायका आणि मुली ज्ञानवृक्षाची फळे तोडत होत्या. बायबलातल्या ज्या फळापायी ईव्हला दोष मिळाला तेच फळ, पण इथे दोष नाही, शिक्षा नाही. वरच्या फांदीवरून तोडायचे आणि खालच्या मुलीच्या हाती द्यायचे. प्रदर्शन संपल्यावर ते चित्र हरवले. आज त्याची छायाचित्रे तेवढी उरली आहेत.

आता ती लुईझिन. तिचे लग्न हेन्री हॅवमायर या साखरसम्राटाशी झाले आणि घरात पैशाला तोटा राहिला नाही. मेरी तिला पॅरिसहून सांगत राहिली, हे घे, ते सोडू नको. १९०१ मध्ये मेरी या पतिपत्नींबरोबर इटली आणि स्पेनमध्ये हिंडली. एल ग्रेको या चित्रकाराला तेव्हा फारसे कुणी विचारत नव्हते. त्याची चित्रे मेरीने शोधून काढली. देगा, माने, मोने, कूर्बे यांचे ढीग हॅवमायरांच्या घरी गेले. लूव्रमध्ये वीस-पंचवीस वर्षे उभे राहून कमावलेली नजर ती दुसऱ्यासाठी अशी खर्च करत होती, आणि दलाली म्हणून काही घेत नव्हती. १९२९ मध्ये लुईझिन वारली तेव्हा तिच्या इच्छापत्राप्रमाणे हा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाला मिळाला. अमेरिकेतला सामान्य माणूस आज तिकीट काढून जे देगा आणि एल ग्रेको पाहतो, त्यांतले कितीतरी या एका बाईने निवडलेले आहेत.

देगाशी तिचे पुढे फारसे जमले नाही. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आळ आला तेव्हा फ्रान्स दुभंगला. मेरी ड्रेफसच्या बाजूची, देगा कट्टर विरोधी. दरम्यान दोघांचेही डोळे जात होते. देगाची दृष्टी १८७० पासूनच अधू होती, शेवटी तो जवळजवळ आंधळा होऊन पॅरिसच्या रस्त्यांतून काठी टेकत हिंडे. मेरीला मधुमेह आणि मोतीबिंदू. शस्त्रक्रिया झाल्या, उपयोग झाला नाही. १९१४-१५ च्या सुमारास तिचे चित्र काढणे थांबले.

१९१५ मध्ये न्यूयॉर्कला लुईझिनने बायकांच्या मताधिकारासाठी एक चित्रप्रदर्शन भरवले. एका बाजूला देगा, एका बाजूला मेरी, शिवाय जुने उस्ताद. मेरीने त्यात मनापासून भाग घेतला. तिच्या फिलाडेल्फियाच्या नातलगांना बायकांनी मत मागणे पसंत नव्हते, ते त्या प्रदर्शनाकडे फिरकले नाहीत. मेरी रागावली आणि त्यांच्यासाठी म्हणून ठेवलेली काही चित्रे तिने विकून टाकली. सत्तर वर्षांची, अर्धी आंधळी, पण हिशोब चुकता करायचा तो केलाच.

१९१७ च्या सप्टेंबरात देगा गेला. महायुद्धाच्या धामधुमीत थोडी माणसे अंत्ययात्रेला जमली, त्यांत मेरी होती. त्यानंतर नऊ वर्षे ती जगली, ल मेनिल-तेरिब्यूस या खेड्याजवळच्या आपल्या बोफ्रेन नावाच्या घरात, गुलाबांच्या बागेत, कुत्र्यांच्या सोबतीत. १४ जून १९२६ रोजी ती तिथेच वारली. जे व्यक्तिचित्र अमेरिकेत जाऊ नये म्हणून तिने बजावले होते, ते आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात तिच्या नावानिशी टांगलेले आहे.